लायनर तरंगला त्याची गोष्ट: फ्लोटवाल्या पंपाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी घरच्या पोहण्याच्या पूलचा लायनर, म्हणजे आतलं विनाइलचं (प्लास्टिकचं) अस्तर, पुन्हा उचललेला दिसला. पूलभोवतीच्या जमिनीतलं पाणी उपसणारा, फ्लोट तरंगून वर आला की आपोआप चालू होणारा पंप जागेवर होता, वीज होती, तरी मोटर बंद. आठ महिने मी ज्याला त्याला या पंपाचं कौतुक सांगत होतो. आता सगळंच सांगतो.

आठ महिन्यांपूर्वी लायनर उचललाय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मुलीमुळे. "बाबा, तळ हलतोय," ती पाण्यातून ओरडली. मी उतरलो. उथळ बाजूला पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा आत जायचा आणि दोन हातांवर लायनर फुगून वर यायचा. पाणी निवळशंख होतं, खाली मात्र निळ्या लायनरवर चुण्याच चुण्या.

विनाइलचा लायनर फक्त वरच्या खाचेत अडकवलेला असतो. बाकी सगळा तो आतल्या पाण्याच्या दाबामुळे तळाला आणि भिंतींना चिकटून राहतो. पाऊण मिलिमीटर जाडीच्या लायनरचं वजन चौरस मीटरला जेमतेम एक किलो, आणि विनाइल पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे पाण्यात ते दोन-अडीचशे ग्रॅमच भरतं. म्हणजे बाहेरच्या मातीतलं पाणी पूलच्या पातळीच्या थोडं जरी वर चढलं, तरी लायनर जागा सोडतो. "पूल भरलेला असताना लायनर तरंगेल कसा?" असं मला तिघांनी विचारलं. पूलची पातळी स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या) निम्म्यावर, म्हणजे काठाच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली असते. पावसाने आजूबाजूची माती काठोकाठ भरली की बाहेरचं पाणी वरचढ ठरतं.

आणि मी काय केलं होतं? ज्याने पूल बांधला त्याच्या सांगण्यावरून मोठ्या पावसाआधी पूलमधलं पाणी एक फूटभर कमी केलं होतं. काठावरून वाहू नये म्हणून. लायनरवरचा दाब मीच काढून घेतला. ज्यांच्याकडे लायनरचा पूल आहे त्यांना हात जोडून सांगतो, पावसाआधी पातळी उतरवू नका. काठावरून वाहिलं तर वाहू द्या.

त्या पूल बांधणाऱ्याचा पुढचा सल्ला होता पूल रिकामा करून लायनर नव्याने बसवायचा. तो ऐकला नाही हे बरं झालं. माझा लायनर सात वर्षांचा आहे. जुनं विनाइल पाणी काढलं की आकसतं, कडक होतं, आणि परत भरताना कोपऱ्यात फाटतं. शिवाय बाहेर ओली माती असताना पूल रिकामा केला तर भिंती आत ढकलल्या जायची भीती.

काही करण्याआधी पूललाच गळती आहे का ते पाहिलं. बादलीत पूलचं पाणी घेऊन ती पायरीवर ठेवली, आत-बाहेर पातळीच्या खुणा केल्या आणि पूलचा पाणी गाळणारा पंप बंद ठेवून चोवीस तास थांबलो. दोन्हीकडे सारखंच पाणी उतरलं. म्हणजे गळती नाही, लायनरमागचं पाणी जमिनीतलंच.

मग उताराच्या वरच्या बाजूला खड्डा खणून 200 मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप उभा केला. पूलच्या सर्वात खोल तळापेक्षा दोन फूट खाली जाईल इतका. भोवती जाळीचं कापड, त्याबाहेर खडी. आत फ्लोटवाला सबमर्सिबल पंप. दोन दिवस तो पाणी उपसत राहिला आणि लायनर हळूहळू खाली बसत गेला. तळ नुसता पाहत राहावा असं वाटत होतं. ऊन चढून पाणी कोमट झाल्यावर विनाइल जरा मऊ पडतं, तेव्हा अनवाणी पायांनी चुण्या मधून भिंतीकडे सारल्या. न हटणाऱ्यांवर कोरा रबरी प्लंजर लावून ओढलं. नव्या लायनरच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नव्हता, म्हणून मी खूश होतो.

आता त्या फ्लोटबद्दल. पंप चांगला आहे, मोटर शांत चालते, गाळ आला तरी अडत नाही. पण फ्लोट वायरच्या टोकाला बांधलेला आहे. पाणी चढलं की तो वर झुलतो आणि मोटर चालू करतो. झुलायला जागा लागते, आणि 200 मिलिमीटरच्या पाइपात ती नाही. मंगळवारी बॅटरी मारून पाहिलं तर नारिंगी फ्लोट ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या खरबरीत कडेला आडवा अडकलेला आणि त्याच्यावर हातभर पाणी. वायर जरा हलवली, फ्लोट सुटला, मोटर लगेच सुरू. एवढ्यासाठी लायनर उचलला!

कंपनीच्या सेवा केंद्राला चार फोन केले. उत्तर एकच, पाइप अरुंद आहे, वॉरंटीत बसत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की बसवायला सोपा. किती रुंद जागा हवी ते खोक्यावर कुठेही नाही, माहितीपत्रकातही नाही. याचा मला अजून राग आहे. वायर आखडून पाहिली, तर मोटर मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होऊ लागली. शेवटी सळीवर सरळ वर-खाली सरकणारा फ्लोट वेगळा आणून जोडला. सोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही, कारण मोटर थांबली की नळीतलं पाणी परत पाइपात उतरायचं. हात घालण्याआधी प्लग काढा, आणि पंपाला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारा) हवाच.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. रविवारी परत पाऊस आला, तेव्हा छत्री घेऊन पूलभोवती फिरलो आणि माझं मत बदललं. छपराच्या पन्हाळीचा पाइप पूलपासून एका मीटरवर मोकळा सुटतोय! शंभर चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी होतं, आणि ते सगळं लायनरच्या मागे जात होतं. मी आठ महिने तेच पाणी वीज जाळून उपसत होतो. तो पाइप सहा मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला नेला. त्यानंतरच्या पावसात मोटर रात्रभरात दोनदाच लागली. आधी ती दर तासाला लागायची.

म्हणून पंप घेणाऱ्यांनी आधी छपराचं पाणी कुठे जातं ते बघा, काठाभोवतीच्या फरशीचा उतार पूलच्या उलट दिशेला आहे का ते बघा. पंप तरीही ठेवा. फक्त वायरवाला फ्लोट अरुंद पाइपात नको. वीज जाते ती नेमकी वादळात, त्यामुळे मी आता बॅटरीवर चालणारा दुसरा छोटा पंप बघतोय.

खोल बाजूला पायऱ्यांजवळ एक चुणी राहिली आहे, करंगळीएवढी जाड. मुलीला ती पायाने दाबून सपाट करायची असते. मी तिला नको म्हणतो, त्या घडीवर विनाइल आता कमजोर झालंय.