बाटल्यांचा वाफेचा स्टरिलायझर: नाशिकच्या पाण्यात कसा चालतो

मेन रोड, शालिमार, कॉलेज रोड अशा भागांतल्या लहान मुलांच्या दुकानांत सहा बाटल्यांचा विजेवरचा स्टरिलायझर सहज मिळतो. कंपन्या निरनिराळ्या, रचना जवळपास एकच: खाली तापणारी धातूची चकती, वर जाळीचे दोन कप्पे आणि झाकण. चकतीवर मापाने ८० ते १०० मिली पाणी ओतायचं, बटण दाबायचं. आठ ते बारा मिनिटांत पाणी संपतं आणि यंत्र आपोआप बंद होतं. ज्या बाळाला डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलंय, किंवा आईचं दूध पंपाने काढून पाजावं लागतंय, अशा घरांसाठी हे परीक्षण आहे.

यंत्र कामाचं आहे, घ्यावं. फक्त एक ध्यानात ठेवा, ते धुतलेलीच बाटली निर्जंतुक करतं. बाटलीच्या खांद्यापाशी किंवा निपलच्या आतल्या कडेला दुधाचा पातळ थर राहिला, तर त्याखालच्या जंतूंपर्यंत वाफ नीट पोचत नाही. वर तो थर शिजून इतका घट्ट बसतो की पुढच्या वेळी ब्रशलाही दाद देत नाही. म्हणून दूध पाजून झालं की बाटली लगेच सुटी करा: बाटली, रिंग, निपल, टोपण आणि असली तर हवेची चकती (बाटलीत हवा शिरू देणारा छोटा भाग). आधी साध्या पाण्याने खळबळून घ्या, मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि बाटलीचा ब्रश. निपल उलटं करून घासा आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून बाहेर काढा. हवेच्या चकतीची बारीक फट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि आंबूस वास बहुतेक तिथूनच येतो. हे सगळं सिंकमध्ये करू नका. त्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळा ब्रश ठेवा, कारण सिंकमध्ये कच्च्या भाज्या आणि मांस-मासेही धुतले जातात.

मांडताना बाटल्यांची तोंडं खाली. एकात एक काही अडकवू नका. निपल आणि रिंग वरच्या कप्प्यात, सुट्या. झाकण न उघडता ठेवलं तर आतलं सामान २४ तासांपर्यंत चालतं, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत असतं. मात्र झाकण उघडलं की ती मुदत संपली. म्हणून एक बाटली काढताना उरलेल्या बाटल्याही जोडून, टोपण लावून ठेवा. हात आधी साबणाने धुतलेले हवेत, नाहीतर वाफेचा सगळा उपयोग तिथेच संपतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्याने या कामात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्यातल्या क्षारांनी. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने हलकं, पण बोअर किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळणाऱ्या सोसायट्यांत चकतीवर काही दिवसांतच पांढरा, मग तपकिरी थर धरतो. हा थर उष्णता अडवतो. चकती खालून जास्त तापते, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी संपलं, आणि वाफेची वेळ पुरी व्हायच्या आतच यंत्र बंद होतं. चकतीवर पाणी शिल्लक असताना दिवा विझला, तर बहुधा हेच कारण असतं. ती फेरी धरू नका, थर काढून पुन्हा चालवा. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी चकतीवर अर्धा तास ठेवा, ओतून द्या, मऊ कापडाने पुसा आणि साध्या पाण्यावर एक रिकामी फेरी घ्या. तारेची घासणी लावू नका, वरचा लेप ओरखडला की क्षार अधिकच धरतात. यंत्रासाठी आरओचं पाणी वापरलं तर ही साफसफाई बरीच लांबते. दूध करताना मात्र आरओचं पाणीही उकळायलाच हवं. ते निर्जंतुक नसतं.

ड्रायरवाल्या मॉडेलला बरेच जास्त पैसे पडतात. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत त्याचा उपयोग होतो, एप्रिलमध्ये बाटल्या जाळीवर आपोआप सुकतात. घेतलंच तर हवेचा फिल्टर काढून साफ करता येतो का ते पाहा. टॉवेलने पुसणं कुठल्याच मोसमात नको.

याच दुकानांत ४५ अंशांवर पाणी धरून ठेवणारी ‘बेबी’ किटली आणि बाटली कोमट करणारा वॉर्मर शेजारीच मांडलेले असतात. दूध बनवण्यासाठी या दोन्हींच्या भरवशावर राहू नका. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातही क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि कोमट पाण्यात ते मरत नाहीत, वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावडर घालताना पाणी किमान ७० अंश हवं. लिटरभर पाणी उकळून गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा. वाटीभर पाणी त्याहून खूप लवकर निवतं. म्हणून वॉर्मरच्या पैशांत स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि स्टीलचा चांगला थर्मास घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर हा मुद्दा बालरोगतज्ज्ञांकडे जरूर काढा.

बाटलीत आधी पाणी, मग पावडर. बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, म्हणजे १२० मिलीला चार. तरी आपल्या डब्यावरचंच माप पाळा आणि चमचा त्याच डब्यातला वापरा. पावडर आधी टाकून १२० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं तर दूध घट्ट होतं, त्याने बद्धकोष्ठ होतो आणि अंगातलं पाणी कमी पडतं. डबा पुरवण्यासाठी पातळ केलं तर बाळाचं वजन वाढत नाही. टोपण लावून बाटली थंड पाण्यात धरा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. तयार दूध दोन तासांच्या आत संपवा, उरलेलं फेका.

वीज गेली तर झाकणाचं स्टीलचं पातेलं पुरतं. सगळे भाग पूर्ण बुडवा, आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका आणि उकळी फुटल्यावर १० मिनिटं ठेवा. निपल तळाला चिकटून वितळू नये म्हणून खाली जाळी ठेवा. खरं तर भांडी बाजारातली साधी स्टीलची वाटी आणि चमचा बाटलीपेक्षा कितीतरी सोपे: कोपरे नाहीत, फटी नाहीत, डाग लगेच दिसतो. बोंडलं घेणार असाल तर ज्याच्या चोचीत आतपर्यंत बोट फिरतं असंच घ्या.

खरेदीला जाताना घरातली सर्वात उंच बाटली बरोबर न्या, कारण मोठी, रुंद तोंडाची बाटली काही मॉडेलच्या झाकणाखाली मावत नाही. प्लग तीन पिनांचा असावा, मापाचा कप खोक्यात आहे ना ते बघावं. प्लास्टिकच्या बाटलीवर आयएसआय खूण आणि आयएस १४६२५ हा क्रमांक शोधा. आणि दुकानदार दुधाच्या डब्यावर बाटली फुकट देऊ लागला तर घेऊ नका. बाळाचं पावडरचं दूध आणि बाटल्या खपवण्यासाठी भेटी-सवलती द्यायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.