एमू बुश 'व्हॅलेंटाईन': फिनिक्सच्या उन्हात टिकणारं, आटोपशीर आणि भर थंडीत फुलणारं झुडूप

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सच्या आसपास घर घेतलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: समोरच्या खडीच्या अंगणात काय लावायचं? वर्षभर हिरवं हवं, फुलं हवीत, खिडकी झाकायला नको आणि पाण्याचं बिल वाढायला नको. मी सगळ्यांना एकच नाव सांगते. एरेमोफिला मॅक्युलाटा 'व्हॅलेंटाईन'. मूळचं ऑस्ट्रेलियातलं हे झुडूप इथल्या नर्सऱ्यांत एमू बुश म्हणून मिळतं.

फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या माझ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत याची रांग आहे. इथे राहणाऱ्यांना ही जागा कसली असते ते माहीत आहे. दुपारी दोननंतर थेट ऊन, शिवाय तापलेल्या भिंतीची आणि खडीची झळ. मी मूळची सोलापूरची, त्यामुळे ऊन मला नवीन नाही. पण सोलापुरात जूनमध्ये पावसाचा आधार असतो. इथे अख्ख्या वर्षाचा पाऊस जेमतेम सात-आठ इंच, आणि तोही थोडा हिवाळ्यात, थोडा जुलै-ऑगस्टच्या वादळांत. 2023मध्ये 30 जूनपासून फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 43 सेल्सियस किंवा त्याच्या वर गेला होता. त्या महिन्यात या रांगेतल्या पानांची टोकं करपली, पण एकही फांदी वाळली नाही. मला तेव्हाच या झाडाची खात्री पटली.

आता फुलांबद्दल. डिसेंबरअखेर फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत कळ्या दिसू लागतात. जानेवारी ते मार्च अख्खं झुडूप गडद गुलाबी-लाल होतं. फूल इंचभर लांब, नळीसारखं, तोंडाशी पाकळी मागे वळलेली आणि आतून पुंकेसर बाहेर डोकावणारे. त्याच दिवसांत पानांवरही थंडीची तांबूस छटा चढते. इथे बारमाही राहणारा अ‍ॅनाज हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी या फुलांवर अक्षरशः मालकी हक्काने येतो, दुसऱ्याला फिरकू देत नाही. नराच्या गळ्यावर ऊन पडलं की तो गुलाबी रंग असा काही चमकतो की हातातला चहा गार होतो. बाकीची बाग गप्प असताना एवढा रंग देणारं दुसरं सदाहरित झुडूप मला इथे सापडलेलं नाही.

उंची तीन-चार फूट, घेर चार-पाच फूट. त्याला तेवढी जागा पहिल्यापासून द्या. नर्सरीतून आणलेलं रोप चिमुकलं दिसतं म्हणून लोक दोन-दोन फुटांवर लावतात आणि मग सारखी कात्री चालवत बसतात.

कात्रीचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. आमच्या वसाहतीत बागकामाला येणारी एक कंपनी दर शरद ऋतूत इलेक्ट्रिक ट्रिमर घेऊन दिसेल त्या झुडपाचा चेंडू करून जाते. सार्वजनिक पट्ट्यातली 'व्हॅलेंटाईन'ची झुडपंही त्यातून सुटत नाहीत. याची फुलं उन्हाळ्यानंतरच्या फुटव्यावर येतात. ऑक्टोबरात तो फुटवा उडवला की जानेवारीत हिरवा गोळा तेवढा उरतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं झाडच भिकार. याची छाटणी वर्षातून एकदाच, फुलं संपल्यावर, एप्रिलच्या आसपास करायची. त्यानंतर हात लावायचा नाही. तुमच्याकडे माणसं येत असतील तर त्यांना हे आधी बजावून सांगा. मी तर त्या रांगेला रिबिनी बांधून ठेवते.

दुसरी काळजी पाण्याची. पहिला उन्हाळा नियमित पाणी लागतं, पण मुळं धरली की रोजचं ठिबक बंद करा. इथल्या वाळवंटी झुडपांसाठी उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात महिना-दीड महिन्यांनी पाणी पुरतं, पण ते दीड-दोन फूट खोल मुरलं पाहिजे. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहा. ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते. रोज थोडं-थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि जमिनीत क्षार साचतात. आणि जमीन सतत ओली राहिली तर मुळं कुजून झाड बसतं.

लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेवा. या भागात जमिनीखाली कॅलिची नावाचा चुनखडीचा कडक थर असतो, त्याच्यापुढे कुदळ हरते. पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर पहार घेऊन थर फोडा, नाहीतर जागा बदला.

तुलना विचाराल तर टेक्सास सेज या झुडपाची 'कॉम्पॅक्टा' जातही मला आवडते. रुपेरी पानं, आणि मान्सूनची दमट हवा आली की जांभळ्या फुलांनी भरते. पण हिवाळ्यात ती शांत. 'ब्लू बेल्स' हे दुसरं एरेमोफिला आणखी छोटं, राखाडी पानांचं, जवळजवळ वर्षभर निळसर-जांभळं फुलणारं, पण जास्त पाणी झालं की 'व्हॅलेंटाईन'पेक्षा लवकर जातं. आपली ओळखीची कण्हेर इथे कुंपणाला सर्रास दिसते, तिची ठेंगणी जातही मिळते. पण ती अतिशय विषारी, शिवाय इथे तिच्यावर पानं करपवणारा जिवाणूजन्य रोग आहे. लहान मुलांच्या घरात मी ती सुचवत नाही. 'व्हॅलेंटाईन'ची मूळ जातही ऑस्ट्रेलियात गुरा-मेंढरांना बाधते म्हणून ओळखली जाते, तेव्हा तिचा पाला कुणाला चघळू देऊ नका.

उणं काय? फुलांना वास नाही. मोगऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते जाणवतं. आणि मेपासून डिसेंबरपर्यंत नुसती हिरवी पानं, म्हणून मी मध्ये-मध्ये टेक्सास सेज लावलं आहे, म्हणजे पावसाळी दिवसांतही रंग राहतो. पाचपैकी साडेचार तारे.

विकत घेताना एक गॅलनच्या कुंडीतलं रोप घ्या. ते स्वस्त पडतं, खड्डा लहान पुरतो आणि मुळं लवकर धरतात. पाच गॅलनच्या कुंडीतलं घेणार असाल तर आधी कुंडीतून हलकेच काढून पाहा, मुळं गोल-गोल गुंडाळलेली असतील तर ते ठेवून द्या. फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनची रोपविक्री वसंतात आणि शरदात भरते. शरदातली गाठा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या रोपाला पुढच्या उन्हाळ्याआधी मुळं पसरायला पुरेसा वेळ मिळतो.