माजी सैनिकांच्या हाती पाच इंची इलेक्ट्रॉनिक भिंग : एका ऑप्टोमेट्रिस्टचे परीक्षण

माजी सैनिकांचे डोळे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. चष्म्याचा नंबर कितीही नेमका काढून दिला तरी ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही, अशा वृद्धांचा त्यात मोठा वाटा असतो. कोणाचा मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग, वयोमानाने झिजलेला असतो, कोणाच्या दृष्टिपटलावर मधुमेहाने डाग पडलेले असतात, तर कोणाच्या डोळ्याला सेवेत असतानाच इजा झालेली असते. त्यांच्यासाठी हल्ली सर्रास सुचवले जाणारे साधन म्हणजे हातात धरायचे इलेक्ट्रॉनिक भिंग, अर्थात हँडहेल्ड व्हिडिओ मॅग्निफायर : मागे कॅमेरा, पुढे पाच इंचांचा पडदा, चार-सहा बटणे आणि चार्ज होणारी बॅटरी. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मॉडेलचे नाही. या आकाराच्या उपकरणांची मूळ रचना जवळपास सारखीच असते, आणि निवृत्त सैनिकाच्या हातात ती कशी वागते एवढाच येथे प्रश्न आहे.

प्रथम साध्या भिंगाशी तुलना करावी लागेल, कारण खरी निवड या दोघांतच असते. पाचपट मोठे दाखवणारे भिंग सुमारे 20 डायॉप्टरचे (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचे एकक) असते आणि ते कागदापासून बरोबर 5 सेंटिमीटरवर धरावे लागते. हात थोडा जरी हलला तरी अक्षर पुसट होते. शिवाय भिंगाची ताकद वाढेल तसा त्याचा व्यास कमी होत जातो, त्यामुळे डोळा काचेच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि कागदावर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते. इलेक्ट्रॉनिक भिंगात या तिन्ही अडचणी राहत नाहीत. उपकरण आपल्या पायांवर कागदावरच टेकते, उजेड त्याचा स्वतःचा असतो आणि पडदा नेहमीच्या वाचनाच्या अंतरावरून पाहता येतो. कंप असलेल्या हातासाठी एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

मात्र पडद्याच्या आकाराचे गणित विक्रेते सहसा सांगत नाहीत. पाच इंच हे कर्णाचे माप आहे, त्यामुळे पडद्याची रुंदी साधारण 11 सेंटिमीटरच भरते. मजकूर पाचपट मोठा केला की एका वेळी कागदावरचा जेमतेम 2.2 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो, आणि दहापटीवर त्याच्याही निम्मा. म्हणून ‘वीसपटीपर्यंत झूम’ या जाहिरातीला मी महत्त्व देत नाही. अक्षर जेमतेम ओळखता येते तो आकार तपासणीत शोधून, सलग वाचनासाठी त्याच्या सुमारे दुप्पट आकार मिळेल एवढेच वर्धन ठरवावे, त्याहून अधिक नाही, कारण पुढचे प्रत्येक पट वाचनाचा वेग खाते. देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार पडद्याच्या कडेला कापले गेले तर ओळ सरळ असूनही शब्द चुकतो, म्हणून ओळ पडद्याच्या मधोमध ठेवण्याचा सराव पहिल्याच भेटीत करून घ्यावा लागतो.

काळ्यावर पांढरी अक्षरे दाखवण्याची सोय हा या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण आहे. डोळ्यांतली पारदर्शक माध्यमे, म्हणजे कॉर्निया किंवा नेत्रभिंग, धूसर झाली की पांढऱ्या कागदाचाच उजेड विखरून अक्षरांवर पसरतो; पार्श्वभूमी काळी केली की ही चकाकी एकदम उतरते. दूरच्या तक्त्यावर बऱ्यापैकी ओळी वाचणारा, पण अक्षरे फिकट होत जाणाऱ्या पेली-रॉबसन तक्त्यावर लवकर अडखळणारा रुग्ण या सोयीने जितका सुखावतो तितका वर्धनाने सुखावत नाही. चित्र गोठवण्याचे बटणही उपयोगाचे आहे. तोफखान्यात सेवा केलेल्या एका वृद्धांना गोळ्यांच्या पाकिटाच्या चमकत्या पत्र्यावरची मुदतीची तारीख कधीच लागत नव्हती. त्यांनी पाकीट तिरपे धरले, उपकरण त्यावर टेकवले, बटण दाबले आणि मग गोठलेले चित्र नाकाजवळ आणून ज्या बाजूने त्यांना दिसते त्या बाजूने सावकाश वाचले. मध्यभागाची दृष्टी गेलेल्या माणसाला कडेने पाहायला वेळ लागतो, आणि गोठवलेले चित्र तो वेळ देते.

आता दोषांकडे वळतो. हे उपकरण बनवणाऱ्यांनी बंदुकीच्या आवाजात वर्षे काढलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवलेला दिसत नाही. मोठ्या आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाचा पहिला घाव 4 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि बटण दाबल्याची खूण देणारी बारीक ‘टीं’ बहुधा त्याच उंच पट्टीत वाजते. परिणामी वापरणाऱ्याला बटण लागले की नाही हे कळत नाही. तो पुन्हा दाबतो आणि रंगसंगती एक पाऊल पुढे सरकते. बटणांना बोटाला जाणवेल असा उठाव आणि दाबल्याचा ठाम ठेका हवा, पण कित्येक मॉडेलांत ती सपाट आणि एकसारखी असतात. ज्यांची बोटे गमावली आहेत किंवा जे कृत्रिम हात वापरतात, त्यांच्यासाठी घडीची मूठ आणि एका हाताने चालणारी मांडणी ही चैन नसून गरज आहे. कॅमेरा उपकरणाच्या मधोमध आहे की एका टोकाला, हेही विकत घेण्यापूर्वी पाहावे. तो टोकाला असेल तर आपण कागदावर नेमके कोठे आहोत याचा अंदाज चुकत राहतो.

स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला इजा झालेल्या तरुण माजी सैनिकांना मी हे उपकरण सहसा देत नाही. त्यांची दृष्टी तक्त्यावर 6/6, म्हणजे सामान्य, भरते, तरी वाचताना अक्षरे पोहतात, कारण दोष दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळवण्यात किंवा फोकस टिकवण्यात असतो. तेथे व्यायाम, वाचनाचा वेगळा चष्मा आणि काही वेळा प्रिझम (प्रकाशाची दिशा वळवणारी चष्म्याची काच) लागतो. पडद्यावर सरकणाऱ्या मजकुराने त्यांच्यातल्या अनेकांना गरगरते, आणि प्रकाश न सोसणाऱ्याला मागून उजळलेला पडदा आणखी त्रास देतो. दोन्ही डोळ्यांच्या उजव्या बाजूचे दृश्य गेलेल्याला तर पुढचा शब्द आधीच दिसत नसतो. मजकूर मोठा करून तो आणखी उजवीकडे ढकलण्यात काय हशील?

येथे थोडे विषयांतर करतो. दृष्टिपुनर्वसनाच्या साधनांचा इतिहास लष्कराशी पुष्कळ जोडलेला आहे. लांब पांढऱ्या काठीने चालण्याचे तंत्र रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी घडवले, आणि 1948 मध्ये इलिनॉयमधील हाइन्स येथे माजी सैनिकांसाठी अंधपुनर्वसन केंद्र सुरू झाले. आजच्या इलेक्ट्रॉनिक भिंगाचा पूर्वज असलेले क्लोज्ड सर्किट टीव्हीचे वाचनयंत्र 1960च्या दशकाच्या अखेरीस रँड कॉर्पोरेशनमध्ये आकाराला आले. स्वतः अल्पदृष्टी असलेले गणितज्ञ सॅम्युएल जेनेन्स्की त्यामागे होते, आणि रँड ही मुळात अमेरिकी हवाई दलासाठी संशोधन करणारी संस्था. एवढा वारसा असूनही बटणाचा आवाज सैनिकाच्या कानाला न पोहोचणारा असावा, याचे मला नवल वाटते.

मोबाइलमधले भिंगाचे ॲप वापरावे का, असे पुष्कळजण विचारतात. ज्याला स्पर्शपडदा सवयीचा आहे आणि ज्याला फक्त पाटी, बिल किंवा औषधाचे नाव पाहायचे आहे, त्याने ते आधी वापरून पाहावे. सलग पानभर वाचायचे असेल तर मात्र मोबाइल हवेत धरून ठेवावा लागतो आणि साध्या भिंगाची जुनी अडचण परत येते. सही करणे वा अर्ज भरणे ही कामे पाच इंची उपकरणावर स्टँड उघडून होतात खरी, पण पेन आणि पडदा यांतला मेळ बसायला सराव लागतो; ज्याचे लिहिण्याचेच काम अधिक आहे, त्याने टेबलावरचे मोठे यंत्र घ्यावे.

खरेदीपूर्वी उपकरण घरी नेऊन वापरू देण्याची सोय असेल तरच मी शिफारस करतो. दालनातल्या चांगल्या उजेडात, शेजारी मदतनीस असताना सगळेच वाचतात. घरी चार्जिंगची पिन अंदाजाने बसवता येते का, ओळ संपल्यावर पुढच्या ओळीचा आरंभ सापडतो का आणि अर्ध्या तासाने मान दुखते का, हे तेथेच कळते. बॅटरी दोन-तीन तासांच्या वापरात उतरते, त्यामुळे ठरलेल्या जागी चार्जर लावून ठेवण्याची शिस्त लागते, आणि त्या बाबतीत माझ्या रुग्णांची मला कधीच काळजी वाटलेली नाही.