पँथर की वुल्फ?

पऱ्हाटी उपटलेल्या वावरात धुऱ्यावरची बाभूळ लक्ष्य धरून सराव करणाऱ्या डिस्क गोल्फच्या, म्हणजे तबकडी (डिस्क) लक्ष्यावर फेकण्याच्या खेळाच्या, नवख्याने पँथर आणि वुल्फ या दोन डिस्कपैकी पँथरच घ्यावी, असे माझे मत आहे. इनोव्हा कंपनीच्या या दोन्ही मिडरेंज (मध्यम पल्ल्याच्या) डिस्क उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत आधी उजवीकडे कलतात. परंतु टर्न (वेगात असताना उजवीकडे कलण्याचा आकडा; जितका जास्त उणे, तितका कल जास्त) उणे 2 आणि ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता) 4 असल्यामुळे पँथर हलक्या हातानेही बरीच सरळ तरंगते, तर टर्न उणे 4 आणि ग्लाइड 3 असलेली वुल्फ जरा जोर लागताच उलटी कलून काळ्या ढेकळांवरून चाकासारखी घरंगळत जाते. समोरचा वारा हा कल आणखी वाढवतो, म्हणून उन्हाळ्यातल्या वाऱ्याच्या दुपारी वुल्फ घरीच राहू द्यावी. मुद्दाम घरंगळती फेक शिकायची असेल, तर मात्र वुल्फच बरी. फेड, म्हणजे वेग मंदावल्यावर शेवटी डावीकडे वळणे, दोहोंचा 1 आहे.