‘१७७५चं अस्सल वॉशिंग्टन’ विकत घेण्याआधी

व्हर्जिनियाचे जमीनदार जॉर्ज वॉशिंग्टन जून १७७५मध्ये ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या सैन्याचे सेनापती झाले आणि लंडनमध्ये त्यांच्या चित्राला एकदम मागणी आली. चेहरा तिथे फारसा कुणाला ठाऊक नव्हता. सप्टेंबरात सी. शेफर्ड या प्रकाशकाच्या नावाने मेझोटिंट पद्धतीची, म्हणजे खरबरीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं निघाली. खाली कोरलं होतं, की व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या अलेक्झांडर कॅम्पबेलने प्रत्यक्ष पाहून हे चित्र काढलं. चेहरा मनानेच रचलेला होता. जानेवारी १७७६मध्ये खुद्द वॉशिंग्टननी आपले सहकारी जोसेफ रीड यांना कळवलं, की या कॅम्पबेलला आपण कधी पाहिल्याचं आठवत नाही.

तीच ओळ दाखवून आजही लोकांना लुबाडतात, आणि बऱ्याचदा हातात पडते ती नंतरची नक्कल. विक्रेत्याकडून काचेआडचे फोटो येतात, गंजलेल्या खिळ्यांची फ्रेम असते. ‘कागद नाजूक आहे’ म्हणून ती उघडायला मात्र नकार. इथेच थांबा. जुन्या फ्रेमवरून आतल्या कागदाचं वय कळत नाही.

फ्रेमबाहेर काढलेल्या चित्राला दहापट भिंग लावा. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेटसारखी आधुनिक यंत्रछपाई, विषय संपला. मेझोटिंटमध्ये तांब्याचा पत्रा दातेरी पात्याने आधी पूर्ण खरबरीत करतात आणि उजळ भाग खरवडून काढतात. म्हणून काळोख मखमली दिसतो आणि उजेडाच्या कडेला दात्यांच्या बारीक खुणा उरतात. खरा धोका फोटोग्रॅव्ह्यूरचा, म्हणजे फोटोवरून पत्रा तयार करून छापलेल्या नकलेचा. त्यालाही पत्र्याचा दाबलेला चौकोनी ठसा असतो, शाईही खरी वाटते. तिथे खालची अक्षरं तपासा: हाताने कोरलेल्या अक्षराची कड धारदार असते, फोटोवरून उतरवलेल्याची दाणेदार, तुटक. उलट, ठसा नसला म्हणून चित्र खोटं ठरत नाही. जुन्या प्रतींचे समास सर्रास कापलेले असतात.

अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. चमकला नाही तरी निश्चिंत होऊ नका, कारण जुन्या वह्यांची कोरी पानं नकलेसाठी वापरतात.

बिलावर ‘वॉशिंग्टन, १७७५’ एवढंच लिहून घेतलं तर विक्रेता पुढे म्हणतो, ते साल मूळ चित्राचं. ‘ही प्रत १७७५मध्ये छापलेली आहे, तसं नसल्यास पूर्ण पैसे परत’ हे शब्द पैसे देण्याआधी लिहून घ्या.