उच्चार सुधारणारे ॲप : सात महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी घेतलेले एक ॲप मी गेले सात महिने रोज साधारण वीस मिनिटे वापरत आहे. पहिले चार महिने केवळ सुट्या ध्वनींवर गेले. आपला ‘व’ इंग्रजीतील दोन वेगळ्या ध्वनींच्या मधोमध पडतो. त्यामुळे ‘व्हेस्ट’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडायची आणि ‘वेस्ट’साठी ओठांचा चंबू करायचा, हे या ॲपने माझ्याकडून खरोखर घोटून घेतले. ‘थिंक’मधला ‘थ’ हवा न अडवता दातांमधून सोडायचा असतो, हेही येथेच कळले. हळूहळू प्रत्येक ध्वनीपुढे हिरवी खूण दिसू लागली.

तरीही कामाच्या फोनवर ‘कंपोनंट’ हा एक शब्द मला तीनदा उच्चारावा लागला. ध्वनी एकही चुकला नव्हता. मी जोर पहिल्या अक्षरावर देत होतो आणि ऐकणाऱ्याला तो ‘पो’वर अपेक्षित होता. त्यानंतर मी आघात आणि लयीचा विभाग उघडला. (तो यादीच्या अगदी तळाशी का दडवला आहे, हे मला अजून उमगलेले नाही.) ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो आणि सरकताच आधीचा ‘फो’ इतका पुसट होतो की त्याचा जेमतेम ‘फ’ उरतो. मराठीत अक्षरे बऱ्याच अंशी आपापले वजन राखून असतात, त्यामुळे स्वर असा गिळणे मला कित्येक दिवस निव्वळ गबाळेपणा वाटत होते.

सर्वांत मोलाचा ठरला तो वाक्यातील जोराचा धडा. ‘मीच सांगितले’ आणि ‘मी सांगितलेच’ यांतला फरक आपण ‘च’वर सोपवून मोकळे होतो, इंग्रजीत ते काम बहुधा आवाजालाच करावे लागते. सुराच्या बाबतीत आपण अगदीच कोरे नाही, कारण ‘तू येणार’ याचा प्रश्न नुसत्या चढत्या सुरानेही होतो.

तक्रार आहे ती सुराच्या आलेखाबद्दल. ‘स’, ‘प’, ‘क’ अशा अघोष व्यंजनांच्या वेळी स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून तेथे रेघ तुटणारच. हे ॲप मात्र त्या तुटीचेही गुण कापते. शिवाय प्रत्येक वाक्याला ते एकच सुरावट बरोबर धरते, जणू तेच वाक्य कुणी चिडून किंवा चेष्टेने म्हणतच नाही. वर्गणी मी आणखी सहा महिन्यांची भरली आहे, ती त्या तळाच्या विभागासाठी.