क्लचचं पेडल बसलं आणि बिल निघालं गिअरबॉक्सचं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुनी गाडी सांभाळत असाल आणि तिचा क्लच तेलावर चालणारा असेल, तर हे वाचून ठेवा. साडेचौदा हजारांना मला जो चुना लागला तो तुम्हाला लागू नये.

आमची 2004 ची क्वालिस. वडिलांनी घेतलेली, रीपासिंग झालेली, इंजिन ठणठणीत. पावसाळ्याच्या तोंडावर पेडल मऊ लागायला लागलं. मग रिव्हर्स टाकताना करकर. एके दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही, बुटाच्या टोकाने उचलावं लागलं. भराभर पंप मारला की तेवढ्यापुरता जोर यायचा. मागच्या हॉर्नवाल्यांनी जे काय ऐकवलं ते असो.

जवळ पडतं म्हणून वागळे इस्टेटकडच्या एका गॅरेजात गाडी टाकली. मालकाने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, "साहेब, क्लच प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवायला लागेल." प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी. संध्याकाळी रिव्हेटपर्यंत झिजलेली एक प्लेट माझ्यासमोर धरली, "ही बघा तुमची." पेडलही कडक झालेलं. पैसे यूपीआयने दिले, पावती मिळाली ती पॅडवरची, ना शिक्का ना पार्टचे नंबर.

थोड्याच दिवसांत पेडल पुन्हा खाली. गॅरेजवाला म्हणाला, "नवी प्लेट आहे, सेट व्हायला वेळ लागतो." हे धादांत खोटं. प्लेट नवी असो की जुनी, तिच्यामुळे पेडल तळाला जाऊन बसत नाही.

ओळखीतून ऐरोलीच्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. ते टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले आणि तिथूनच विचारलं, "गिअरबॉक्स कोणी उतरवला म्हणालात?" मग मलाही खाली बोलावलं. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बोल्टांवर चिखल आणि तेलाचा थर दगडासारखा बसलेला. बोल्टाच्या कोपऱ्यांवर पान्याचा एक ओरखडा नाही. क्वालिस मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, सोडल्याशिवाय गिअरबॉक्स बाहेर येतच नाही, आणि शाफ्टचे नटही गंजाने जागच्या जागी धरलेले. म्हणजे गिअरबॉक्स हललाच नव्हता. ती प्लेट कुणाच्या गाडीची होती देव जाणे.

"आधी फोटो काढा, मग मी पाना लावतो," काका म्हणाले. "नाहीतर तो म्हणेल, यांनीच उघडलं." फोटो झाल्यावर त्यांनी गिअरबॉक्सजवळच्या, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी मागे सारली, तर काळं ब्रेक ऑइल (अशा क्लचमध्येही हेच असतं) त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. रोग तिथे होता. पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त ऑइल भरून हवा काढली होती. फाटका सील तसाच, म्हणून पुन्हा गळती, पुन्हा हवा.

आता यात समजून घ्यायचं ते एवढंच. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्हचा दांडा पुढे सारतं आणि क्लच सुटतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लाइनमध्ये हवा शिरली की पाय खाली जातो, पण दांडा पुरेसा सरकत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर क्लच सुटत नाहीये. अशा वेळी आधी तेलाचा मार्ग तपासायचा. प्लेट झिजल्याची खूण वेगळी. गायमुखच्या चढाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही, आणि जळका वास येतो. माझी गाडी तो चढ आरामात चढत होती.

तेव्हा कुणी "गिअरबॉक्स उतरवू" म्हटलं की आधी ऑइलच्या डबीतली पातळी बघा, स्लेव्हची टोपी उघडायला लावा, आणि पेडलच्या वर, मास्टर जिथे आत येतो तिथे हात फिरवा. ओलं लागलं तर सील गेलाय. गळती कुठेच नसताना पेडल हळूहळू बसत असेल, तर मास्टरचा आतला सील बघायला सांगा. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आतच असतो. तिथे गिअरबॉक्स खरोखर उतरवावा लागतो, त्या मेकॅनिकला उगाच चोर ठरवू नका.

काकांनी रबर किट टाकलं आणि मला सीटवर बसवलं. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "मार... मार... धर!" मी पेडल तळाला धरून ठेवायचं, ते निपल ढिलं करायचे, नळीतून बुडबुडे निघायचे. निपल आवळल्यावरच "सोड". आधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाण्याची भीती. मधेमधे डबी भरत राहायची, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चाललं. ऑइल सीलबंद बाटलीतलं, गाडीतल्या डबीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल गेलं तर रबर फुगून सगळेच सील बाद होतात. आणि हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो. किट, ऑइल, मजुरी सगळं मिळून हजाराच्या आत भागलं.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो, तर मालक आधी हसला, मग तावातावाने बोलायला लागला. मी तिथेच उभं राहून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, पॅडवरची पावती आणि बोल्टांचे फोटो जपून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, हेही त्याला सांगितलं. त्यानंतर त्याने नऊ हजार परत पाठवले. उरलेल्या साडेपाच हजारांसाठी अर्ज तयार आहे, तो या आठवड्यात दाखल करतोय.